दशमीचं पाणी

पुस्तक छापून हातात आलं तेव्हा माझं वय अठ्ठावन्न होतं आणि अक्षर ओळखायला लागून अकरा वर्षं झाली होती. पुस्तकाची एकशे बारा पानं. त्यातलं एकाहत्तरावं पान खोटं होतं. ते खोटं आहे हे गावात दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि आमची होडी चालवणाऱ्या तांडेलाला, खंडेरावला. ज्या बाईला ते कळायला नको होतं तिला वाचता येत नव्हतं. म्हणून मी निर्धास्त होतो.

शिरगावला किनाऱ्याच्या बाजूला आमची आळी आहे. माझा सगळा जन्म होडीवर गेला. एकोणऐंशी साली सरकारनं प्रौढांचे वर्ग काढले, तेव्हा विजयाबाई म्हणून एक शिक्षिका पालघरहून संध्याकाळी यायच्या. पहिल्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. दिवाळीनंतर मी एकटा उरलो. माझा उजवा गुडघा गेल्यानं मी समुद्रावर जाणं सोडलं होतं, त्यामुळे मला वेळ होता. आळीतले लोक मासळी विकताना माझी थट्टा करायचे. "महादू आता मामलेदार होनार. मावऱ्याचा भाव कागदावर लिवून देनार."

वाचायला आलं तेव्हा मी आधी होड्यांवरची नावं वाचली. त्यातली निम्मी चुकीची लिहिलेली होती. मग लिहायला लागलो. मला ठाऊक होतं तेवढंच लिहिलं: कुठली होडी कोणी बांधली, लाकूड कुठून आलं, तांडेल कोण, तिच्यावर कोण कोण गेलं आणि कोण परत आलं नाही. एका होडीला एक वही. सोळा होड्या, सोळा वह्या. त्याला नऊ वर्षं लागली. माझा हात जड होता. एक पान लिहायला सकाळ जायची.

मुंबईच्या एका प्रकाशकाकडे वह्या पाठवल्या. आठ महिन्यांनी त्या परत आल्या, सोबत छापील चिठ्ठी. दुसऱ्याकडे स्वतः घेऊन गेलो. त्यानं एक पान उलटलं, माझ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय?" मी हो म्हणालो. त्यानं वह्या पुन्हा नीट बांधून दिल्या. चहा मात्र पाजला.

मग मी माझी जाळी विकली आणि पालघरच्या बाजारामागे नरहरीचा छापखाना होता तिथे गेलो. तो लग्नपत्रिका आणि सोसायट्यांचे अहवाल छापायचा. त्यानं वह्यांची चळत पाहून कपाळाला हात लावला.

"काका, माझ्याकडे अक्षरांचे खिळे आहेत आठ पानांपुरते. आठ पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडवून परत खणात टाकायचे, मग पुढची आठ. एकदा सोडवलं की त्या पानात काही बदलता येणार नाही. आधीच नीट तपासा."

"तपासतो."

"आणि प्रकाशक कोण घालायचा?"

"म्हंजे?"

"पुस्तक काढणारा. स्वतःचंच नाव दोन्ही ठिकाणी बरं दिसत नाही. लेखक लोक बायकोचं घालतात."

घरी येऊन भागीला सांगितलं. ती वलांडीवर, म्हणजे आडव्या बांबूवर, बोंबील वाळत टाकत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी कदी पुस्तक काढलं? मी उन्हातून बोंबील काढते. घाल नाव. पोलीस आला तर तुलाच पुडं करीन." अशा रीतीनं माझी बायको प्रकाशिका झाली. पुस्तकाचं नाव 'शिरगावच्या होड्या'.

आता एकाहत्तरावं पान.

माझं पुस्तक चाललंय हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. दमयंती एक दिवस ओट्यावर आली. तिचा नवरा सुका माझ्याबरोबर खंडेरावच्या होडीवर होता आणि चौऱ्याहत्तर साली समुद्रात गेला. तेव्हा तिची हंसा तीन वर्षांची होती. दमयंती म्हणाली, "महादूदादा, हंसाच्या बाचं नाव घाल त्यात. तो कसा गेला ते तुलाच म्हायत. तू तिथं होतास." मी म्हणालो, घालीन. दुसरं काय म्हणणार?

गावाला आम्ही सांगितलं होतं ते असं. कार्तिकातली अमावास्या, उधाणाचं पाणी, आम्ही घराकडे निघालेलो. पहाटे सुका पाण्यात पडला आणि ओढीनं डोळ्यांदेखत नेला. शोधलं, पण त्या पाण्यापुढे काही चाललं नाही. गावानं मान्य केलं. अमावास्येच्या पाण्याला कोणी जाब विचारत नाही. दमयंतीनं बांगड्या फोडल्या आणि त्या सालापासून दर कार्तिक अमावास्येला ती सुक्याचं पान मांडायला लागली.

खरं होतं ते असं. सुका अमावास्येला पडला नाही, दशमीला पडला. आमचा समुद्रावर तो दुसराच दिवस होता. पहाटे आम्ही पाच जण पुढे जाळं ओढत होतो, सुका मागे एकटा होता, होडी इंजिनावर हळूहळू पुढे चालली होती. तो कधी पडला ते कोणी पाहिलं नाही. हाक मारली तर उत्तर नाही, तेव्हा कळलं. जाळं न सोडता वळेल तेवढी होडी वळवली. नाळीवर, म्हणजे होडीच्या टोकाला, जो उभा असतो त्यानं समोर बघायचं आणि ओरडून सांगायचं, ही आमच्याकडची रीत. नाळीवर मी होतो. खंडेरावनं मागून विचारलं, "दिसतंय का काय?" मला दक्षिणेकडे एक काळा ठिपका दिसला. माणूस असेल, आमच्याच जाळ्याचा सुटलेला बोया असेल. तिकडे वळायचं तर अर्धं ओढलेलं जाळं तोडून सोडावं लागलं असतं, आणि त्या जाळ्यात पापलेट असं लागलं होतं, जसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "काय नाय." पुन्हा पाहिलं तेव्हा ठिपका नव्हता.

सूर्य वर आला तसं खंडेराव म्हणाला, आता तो ऱ्हायला नसेल. आम्ही जाळं ओढलं. मोजले तर एक बोया कमी भरला. पुढचे चार दिवस आम्ही तिथेच मासे मारले. घरी परत येताना कोणाच्या तरी डोक्यात आलं की गाव विचारील, पाच दिवस काय करत होता? तेव्हा तिथी बदलायची ठरली. सगळ्यांनी नाळीवर हात ठेवून शपथ घेतली. त्यातले दोघं पुढे मेले, तिसरा बायकोच्या गावी डहाणूकडे गेला. खंडेरावला मी ठिपक्याचं कधी सांगितलं नाही. कोणालाच नाही.

तर त्या पानावर मी ठरलेलं लिहिलं. कार्तिक अमावास्या. पण एकदा लिहायला बसलो की डोळ्यांपुढे ती सकाळ आली, आणि बाकी सगळं जसं दिसलं तसं उतरलं. मी लिहिलं, 'पाणी मेलेलं होतं. पहाटेपासून सूर्य कासराभर वर येईपर्यंत जाळ्याचे बोये जागचे हलले नव्हते.' मला ते वाक्य आवडलं होतं. विजयाबाईंनी वाचलं, त्यांनाही आवडलं. नरहरीचा जुळारी कमलाकांत, जो खिळा खिळा लावताना चुका शोधायचा, त्यानं तिथे एक अनुस्वार सुधारला. आठ पानं छापून झाली, खिळे सुटले, खणात गेले.

पाचशे प्रती आल्या. घरात बोंबलाच्या पाट्यांशेजारी रचल्या. घराला वास, पुस्तकांना वास.

विकणं हे लिहिण्यापेक्षा अवघड. शाळांत गेलो. एका मुख्याध्यापकांनी विचारलं, "यातून मुलांनी घ्यायचं काय?" बोईसरच्या एसटी स्टँडवर एका पेपरवाल्यानं पाच प्रती ठेवून घेतल्या, पुढच्या आठवड्यात गेलो तर त्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली होत्या आणि त्यांवर चहाच्या कपाचे गोल. कारखान्यांच्या बाजूला बाजार भरतो तिथे बसून पाहिलं. एक कामगार येऊन मुखपृष्ठावरची होडी बघून म्हणाला, "चाचा, मछली की किताब है? मछली नहीं है?" त्याला हसू आलं, मलाही आलं. भागी म्हणाली, "दुपारनंतर भाव पाडायचा. मावरं असंच खपतं." दुपारनंतरही खपलं नाही. मासवणच्या एका वाचनालयानं एक प्रत घेतली, पालघरच्या एकानं एक. दोन महिन्यांत चाळीस-एक गेल्या असतील, त्यातल्या निम्म्या आळीतच.

मोठी आशा होती ती मच्छीमार सोसायटीवर. खंडेरावचा मुलगा बळवंत तिचा चेअरमन होता. दसऱ्यानंतर बक्षीस समारंभ व्हायचा, त्यात मुलांना द्यायला शंभर प्रती घेतो असं त्यानं कबूल केलं होतं. आळीतल्या शंभर घरांत पुस्तक जाणार, आणखी काय पाहिजे होतं मला?

दमयंतीनं प्रत फुकट घेतली नाही. "तुजी मेहनत हाय," म्हणून पदरात बांधून आणलेला वाळवलेला जवळा भागीपुढे ओतला. हंसा तोपर्यंत एकोणीस वर्षांची झाली होती, बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. सुट्टीच्या दिवशी ती आईला वाचून दाखवायची. दर सुट्टीला एक होडी. दमयंती वाटेत भेटली की सांगायची, "आज मी रामा वैत्याच्या होडीवर होते." मला बरं वाटायचं. तिच्यासारखं वाचणारं दुसरं कोणी मला मिळालं नव्हतं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ती दुपारची आली. भागी बाजारात होती. दमयंती ओट्यावर बसली नाही, आत येऊन उभी राहिली. पुस्तक हातात, मध्ये बोट घातलेलं.

"हितं काय लिवलंय, वाच."

पान ओळखलं. मी वाचलं.

"परत वाच. पान्याचं."

"पाणी मेलेलं होतं. पहाटेपासून सूर्य कासराभर..."

"पुरे." ती म्हणाली. "माझा बाप तांडेल होता, महादूदादा. अमावास्येला पानी पालटताना घटकाभर उभं राहतं, ते मला म्हायत हाय. पन पहाटेपासून सूर्य वर येईस्तवर बोया हलत नाय? अमावास्येला? त्या पान्यात तर नांगर ओढला जातो."

तिच्यामागे दारात हंसा उभी होती, ती माझ्याकडे बघत नव्हती.

"हे भांगाचं पानी हाय, अष्टमी-नवमीच्या सुमाराचं, बिनओढीचं," दमयंती म्हणाली. "तुला लिवता येतं म्हनून तू कायपन लिवलंस, का तू बघितलंस तेच लिवलंस?"

आता पटकन म्हणता आलं असतं, चुकून लिहिलं, म्हातारपण. ते ओठांवर आलंही होतं. पण त्या पुस्तकात मी तिच्या बापाच्या होडीची फळी न फळी लिहिली होती, आणि त्यातलं एकही तिनं चूक म्हटलं नव्हतं.

"बघितलं तेच," मी म्हणालो.

"मंग तिथी कंची?"

"दशमी."

ती खाली बसली. सोळा वर्षं अमावास्येला पान मांडलं, हे ती बोलली नाही. बोटांवर मोजत होती, दशमी, एकादशी, बारस, तेरस, चौदस. मग म्हणाली, "पाच दिस तुमी काय करत होता?"

"मासे मारत होतो."

"शोधला किती?"

"सूर्य वर येईस्तवर."

"नाळीवर कोन होता?"

"मी."

"काय दिसलं?"

मला वाटलं होतं, दशमी सांगितली म्हणजे सगळं सांगून झालं. तेवढंच माझ्यात होतं. मी म्हणालो, "काय नाय." त्या सकाळी जसं म्हणालो होतो तसंच, त्याच दोन शब्दांत.

ती उठली. "मला दशमी पायजे. पुस्तकात पायजे. छापलेलं लोक खरं धरतात. उद्या माजी नातवंडं वाचतील आनि अमावास्येला पान मांडतील. सगळ्या पुस्तकांत दशमी कर."

"खिळे सुटलेत, दमयंती. परत छापता येत नाय."

"तुला हात हाय ना?"

ती गेल्यावर मी पेन घेऊन बसलो. 'कार्तिक अमावास्या' खोडून वर 'कार्तिक वद्य दशमी'. खाली समासात एक ओळ, 'त्या दिवसापासून आम्ही पाच दिवस तिथेच होतो.' एका प्रतीला पाच-सात मिनिटं. माझं अक्षर एकसारखं येत नव्हतं, शाई फुटायची, स्वस्त कागद शाई पिऊन घ्यायचा. भागीनं घरी आल्यावर काय चाललंय विचारलं. मी तिला दशमीचं सांगितलं. ठिपक्याचं तिलाही नाही. ती बराच वेळ पाट्या रचत राहिली, मग म्हणाली, "सोळा वर्सं मी तिच्याकडं अमावास्येचा भात शिजवायला जाते. तू मला जाऊ दिलंस."

दोन दिवसांत गोष्ट आळीत फिरली. बळवंत आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"काका, बा आजारी हाय. आता हे कशाला?"

"तिनं विचारलं."

"तिनं विचारलं म्हनून? सोळा वर्सं नाय बोललात ते? ऐका. ते पान फाडून टाका. पुस्तकात एक पान नसलं तर कोन मोजत नाय. पान फाडलेल्या शंभर प्रती सोसायटी घेते, आजच्या आज टेम्पो लावतो. नायतर मला एकपन नको."

शंभर घरं. मी त्या रचलेल्या प्रतींकडे पाहिलं. फाडायला पाच-सात मिनिटंही लागली नसती, एका झटक्यात निघालं असतं. मी त्याला म्हणालो, "तुज्या बाला विचार."

खंडेरावनं मलाच बोलावून घेतलं. तो खाटेवर होता, पाय सुजून खांबासारखे झालेले. मला पाहून म्हणाला, "लेखक आला. बस." मग सुनेला बाहेर जायला सांगितलं. "महादू, मी सोळा वर्सं कार्तिकातल्या दशमीला जेवत नाय. घरातल्यांना वाटतं पोट दुकतं. बळवंताचं ऐकू नकोस. पन तू अर्धवट लिवतोस. पाच दिवस ऱ्हायलो, ते लिवलंस. कोन म्हनाला ऱ्हा, ते लिव ना. मी म्हनालो. माजं नाव घाल."

"घालतो."

"आनि तुजं काय घालनार?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो डोळे मिटून होता. त्याला काय ठाऊक होतं आणि काय नाही, हे मला आजही कळलेलं नाही. मी म्हणालो, "मी पण होतो, ते घालतो." त्यानं सुनेला हाक मारली.

मग प्रत्येक प्रतीत आणखी दोन ओळी, एक खंडेरावची, एक माझी. समास भरला. विकलेल्या प्रती शोधत फिरलो. आळीतल्यांनी बऱ्याच जणांनी प्रती परतच आणून दिल्या, कोणी हातात, कोणी ओट्यावर टाकून. पालघरच्या वाचनालयात गेलो तर तिथल्या गृहस्थांनी पुस्तक काढून दिलं, पण मी पेन काढल्याबरोबर हात धरला.

"पुस्तकात लिहायचं नाही."

"पुस्तक माझंच आहे."

"दाखल झालं की वाचनालयाचं."

"मी लेखक आहे याचा."

"असाल. पण पेनानं लिहिता येणार नाही. नियम आहे." शेवटी त्यांनी चूक काय ते विचारलं. मी म्हणालो, तिथी चुकलीय. ते म्हणाले, "एवढंच ना? तिथीनं कोणाचं काय अडणारे?" आणि पुस्तक कपाटात ठेवलं.

कार्तिक वद्य दशमीला दमयंतीनं पान मांडायचं ठरवलं आणि सगळ्या आळीला बोलावलं. मला हंसाकरवी निरोप आला, "आई म्हणाली, पुस्तक घेऊन या. वाचायचंय."

माझ्या पुस्तकाचा कुठे समारंभ झाला नव्हता, कोणी मला वाचायला बोलावलं नव्हतं. हे पहिलंच. तिच्या अंगणात पन्नास-साठ माणसं होती. पिंड करणारा भटजी पालघरहून आलेला, कोपऱ्यात घड्याळ बघत बसलेला. खंडेरावला चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. बळवंत फाटकाशी उभा. चुलीकडे भागी. भिंतीशी केळीचं पान मांडलं होतं, त्यावर भात, डाळ, आणि सुक्याला आवडायचं म्हणून भरलेलं पापलेट.

दमयंती म्हणाली, "वाच. मोट्यानं."

मी उभा राहून वाचलं. छापलेलं आणि हातानं लिहिलेलं, दोन्ही. दशमी वाचली. पाणी मेलेलं होतं ते वाचलं. पाच दिवस वाचलं. खंडेरावचं नाव आलं तेव्हा काही माना तिकडे वळल्या. त्यानं हात वर केला, वर्गात हजेरी देतात तसा. मग शेवटची ओळ, 'मी नाळीवर होतो', आणि पान संपलं.

वाचून झालं असं सगळ्यांना वाटलं होतं. भटजी उठायला लागला. मी पुस्तक मिटलं आणि बसणार तोच माझी नजर भिंतीशी मांडलेल्या पानाकडे गेली. भातावर तूप वाढलेलं होतं आणि ते अजून थिजलं नव्हतं.

"हे पुस्तकात नाय," मी म्हणालो. "खंडेरावनं विचारलं, दिसतंय का काय. मी म्हनालो नाय. मला दिसलं होतं. दक्षिणेला एक काळं ठिपकं. जाळं सोडावं लागलं असतं म्हनून मी बोललो नाय. मागाहून जाळं ओढलं तर एक बोया कमी होता."

खंडेरावचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, तो तिथून खाली पडला.

कोणीतरी शिवी दिली. हळू दिली, पण ऐकू आली. दमयंतीनं त्याला हातानं गप्प केलं. ती माझ्याजवळ आली.

"किती लांब?"

"अर्ध्या जाळ्याएवढं."

"वल्ह्यानं पोचला असतास."

"हो."

"बोया त्याच्या हाती असंल."

"असंल."

मला वाटलं, मारील. मारलं असतं तर मी उभा राहिलो असतो. पण ती पाण्याचाच विचार करत होती, तांडेलाची पोर. मग तिनं विचारलं, अगदी हळू, जणू मला एकट्यालाच विचारायचं होतं, "भांगाचं पानी. बोया हाती. थंडी नव्हती. मंग तो दशमीलाच गेला, हे कशावरनं?"

"एकादशीला पन असंल," ती म्हणाली. "बारशीला असंल. तुमी तिथंच होता. तुमचं इंजिन ऐकत असंल तो."

भटजीनं मागून विचारलं, "बाई, मग तिथी काय धरायची? संकल्प करायचाय."

दमयंती भिंतीशी गेली, वाकली, मांडलेलं पान दोन्ही हातांनी उचललं आणि हंसाच्या हातात दिलं. "आज नाय," म्हणाली. "आजची तिथी नाय." हंसा पान घेऊन तशीच उभी राहिली, कुठे ठेवायचं ते तिला कळेना. पानाचं टोक वाकलं आणि तूप तिच्या मनगटावरून खाली आलं. लोक एकेक करून उठले. कोणी जेवलं नाही.

खंडेराव पुढच्या वर्षी गेला. त्याची तिथी सगळ्यांना माहीत आहे. माझ्या घरात साडेचारशे प्रती आहेत, त्या प्रत्येकीत मी माझ्या हातानं दशमी लिहिली आहे. त्यांपैकी एकही नंतर मी कोणाला दिली नाही. नरहरी अधूनमधून विचारायचा, काका, दुसरी आवृत्ती कधी? त्याला वाटायचं, खपल्या.

दमयंती आता कार्तिकात दशमीपासून अमावास्येपर्यंत रोज पान मांडते. सहा दिवस, सहा पानं. भटजी येत नाही, तो म्हणतो असं शास्त्रात नाही. भागी सहाही दिवस तिच्याकडे भात शिजवायला जाते. सकाळी निघते ती दिवेलागणीला येते, आल्यावर हातपाय धुते आणि माझ्याशी बोलत नाही. सातव्या दिवशी बोलते.